बोका उठेपर्यंत

या, पुढे सरका. त्या खांबाला टेकू नका, रंग ओला आहे. चटईवर अजून जागा होईल. मांडी घातली की माणूस अर्ध्यात मावतो. थोरले भंते तोंडात लवंग धरून बसलेत, म्हणजे प्रवचनाचा सूर लागायला अजून वेळ आहे. तेवढ्यात तुम्हाला एका बोक्याची हकीकत सांगतो. गाऊन नाही सांगणार. गाणं त्यांचं, हकीकत माझी.

प्रयूरची धाकटी मुलगी चाबा तुम्हाला ठाऊक आहे, बर्फाच्या कारखान्यात असते ती. तिचं लग्न वितशी ठरलं. वित मालवाहू जहाजावर इंजिनाच्या खोलीत कामाला. सुट्टी बारा दिवसांची, मग नऊ महिने पाणीच पाणी. बारातले आठ दिवस लग्नात आणि थोरामोठ्यांच्या पाया पडण्यात जाणार हे उघड होतं. उरले चार. चाबाचं मागणं एवढंच होतं, की त्या चार दिवसांत नवऱ्याचा आवाज ऐकू यावा आणि त्यात दुसऱ्या कुणाचा मिसळलेला नसावा.

प्रयूरच्या घरात हे अशक्य. घर फळ्यांचं, खाडीकाठी खांबांवर उभं. पहिल्या खोलीत कुणी कूस बदलली की तिसऱ्या खोलीत ताटं वाजतात. आणि राहणारी माणसं चौदा. म्हणून चाबाने ठरवलं, एखाद्या बेटावर, जिथे काळं कुत्रं फिरकत नाही अशा ठिकाणी जायचं. तिने फोन चटईवर मधोमध ठेवला, नवऱ्या मुलाला शेजारी बसवलं आणि जागा शोधायला लागली. चुकलं ते तिथेच. चटईवर मधोमध काही ठेवलं की आमच्याकडे सगळे जेवायलाच बसतात.

थोरला जावई थोंगयू म्हणाला, "एकांत हवा तर खडकाळ किनारा बघ. खडकात मासा चांगला लागतो."

"भाऊजी, आम्ही मासे धरायला नाही चाललो."

"चार दिवस नुसतं एकमेकांकडे बघत बसणार? वित, तू तरी सांग."

इंजिनाजवळ राहून वितला मोठ्या आवाजात गप्प बसायची सवय झाली होती.

चाबाने पहिली जागा काढली ती फारच देखणी होती. पंच्यांच्या घड्यांचे राजहंस करून पलंगावर ठेवलेले. प्रयूर ते बघत राहिली आणि म्हणाली, "हा पलंग कुणी घातला?"

झालं. आता हे तुम्हाला सांगायला नको, पण नव्या जोडप्याचा बिछाना आमच्याकडे जुन्या जोडप्याने घालायचा असतो. त्यावर आधी त्यांनी आडवं व्हायचं, नवरा उजवीकडे, बायको डावीकडे, उशाशी पाटा-वरवंटा, भोपळा, तांदळाची पुरचुंडी, आणि मधे पांढरा बोका, अंगाला पावडर लावलेला. म्हातारा विचारतो, बिछाना कसा आहे? म्हातारी सांगते, यावर निजेल त्याला झोप येईल आणि जाग आल्यावर शेजारी माणूस असेल. मग बोका आपणहून उतरला की म्हाताऱ्यांनी उठायचं. बोक्याला ढकललं तर पुण्य त्याच्याबरोबर खाली जातं. खाडीच्या या काठाला एक्केचाळीस वर्षांचा संसार टिकलेलं जोडपं एकच, मी आणि माझी लमुन. आणि बोका एकच, आमचा मुखिया. आम्ही तिघांनी आजवर तेवीस बिछाने घातलेत.

"घरचा बिछाना काका-मावशी घालतीलच," चाबा म्हणाली.

"घरी एक रात्र निजणार, तिकडे चार," प्रयूर म्हणाली. "बिछाना दुसरा, तर विधी दुसरा. माझ्या चुलत बहिणीचा जावई राजधानीत हॉटेलात निजला, न घातलेल्या पलंगावर. आज तो कबुतरं पाळतो आणि बायकोशी चिठ्ठीवर बोलतो."

कबुतरं आम्ही सगळ्यांनी पाहिली होती.

मग चाबाच फोन लावत बसली, आवाज बाहेर ऐकू येईल असा. राजहंसवाल्यांना विचारलं, दोन म्हातारी माणसं, बोका आणि पाटा-वरवंटा आधी येऊन पलंगावर पडलेले चालतील का? ते म्हणाले, प्राण्यांना मनाई आहे. दुसऱ्या ठिकाणी प्राणी चालत होते, पण पलंग गोल होता. यावर तासभर चर्चा झाली. पश्चिमेला डोकं करून प्रेत ठेवतात, माणूस नाही. आणि गोल पलंगावर झोपेत डोकं कुठे फिरेल याचा भरवसा काय?

"वितला खिळ्याने ठोकून ठेवा," लमुन म्हणाली. ती अशीच बोलते.

तिसरी जागा ताबाक बेटावर. सहा झोपड्या, पुढे सुरूची झाडं, मागे डोंगर, रस्ता नाही. मालकीण लिंची नावाची, एकटी बाई. ती फोनवर म्हणाली, "आमच्याकडे कुणीच येत नाही. गेल्या वर्षी एक जण आला होता, तोही होडी चुकून."

चाबाचे डोळे भरून आले. "ताई, बोका चालेल का?"

"अगं, माझ्याशी बोललं तर कोंबडंसुद्धा चालेल."

जागा ठरली.

लग्न झालं. घरचा बिछाना आम्ही घातला, तेव्हा स्वयंपाकघरात कुणीतरी माशाच्या चटणीची बरणी उघडली आणि मुखिया मिनिटात उतरला. पण त्या रात्रीचं चाबाने लमुनला सांगितलं ते असं, की भिंतीपलीकडून तिच्या आत्याने तीनदा विचारलं, मच्छरदाणी पुरते का, आणि तीनदा वितने पलंगावर उठून बसून, हात जोडून, "पुरते" म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ताबाकला निघालो. आम्ही बिछाना घालायचा, बोका उतरला की फोन करायचा, मग दुपारच्या होडीने जोडप्याने यायचं आणि आम्ही परतायचं. मी, लमुन, मुखिया एवढेच जाणार होतो. पण प्रयूर साक्षीला हवी. होडी थोंगयूची. भोपळा धरायला आत्या, पाटा धरायला थोंगयूची बायको. बिछाना घातला जातोय आणि आपण घरी बसलो, हा आमच्याकडे अपमान समजतात, कुणाचा ते अजून ठरलेलं नाही. शेजारचीही आली, आणि त्यांच्या शेजारची. तीन होड्या झाल्या. धक्क्यावर चाबा आणि वित दोघेच उभे राहिलेले दिसले, हातात एकेक पिशवी.

लिंची आम्हाला बघून झोपडीत गेली आणि आणखी तांदूळ शिजायला टाकून बाहेर आली. बाई मोठ्या मनाची.

बिछाना सुंदर होता. समोर समुद्र, वरून पंखा. आम्ही आडवे झालो, मुखियाला मधे ठेवलं, मी विचारलं, लमुनने सांगितलं. मुखियाने दोनदा पाय दाबून गादी पाहिली, गोल झाला आणि झोपला.

दुपार झाली. होडी परत पाठवायची वेळ गेली. साऱ्या बेटावर फोनला रेंज फक्त त्या पलंगाच्या उशाशीच येत होती, त्यामुळे ज्याला बोलायचं तो आमच्या डोक्याशी येऊन बसे. चाबाचा फोन आला.

"काका, उतरला का?"

"नाही गं."

"मग हलवा की त्याला."

"हलवला तर तुमचं नशीब हलेल, पोरी," लमुन मधेच म्हणाली.

"मावशी, मी धक्क्यावर बर्फाच्या लादीसारखी वितळतेय. यातला एक दिवस संपला. मला तीनच उरले."

मी मुखियाच्या कानाशी विनवलं, बाबा, ऊठ. त्याने कान मिटला.

रात्र आम्ही तशीच काढली. उठायचं झालं तर एकाने, दुसऱ्याने पलंग सोडायचा नाही. बाकीचे उरलेल्या पाच झोपड्यांत निजले आणि कधी नव्हे ते खूश होते. थोंगयूला खडकात मासा लागत होता.

सकाळी पुन्हा फोन. या खेपेला चाबाचा आवाज खाली आला होता.

"काका, तिकडे कोण कोण आहे?"

मी नावं सांगितली. चौदातले घरचे बारा. मग शेजारची.

"आणि आत्या?"

"ती काय, भोपळा सोलतेय. म्हणते, दुसरा आणू."

तेव्हा फोनमधून मला त्यांच्या घरातला आवाज ऐकू आला, म्हणजे काहीच ऐकू आलं नाही. एक ताटसुद्धा वाजलं नाही. मग पलीकडे वित हसला. त्या मुलाचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"काका," चाबा म्हणाली, "मुखिया काय खातो?"

"बांगडा. फक्त पोटाकडचा."

"मग द्या ना त्याला. पलंगावरच द्या. बिचाऱ्याला उतरायला लावू नका."

मी म्हटलं, असं कसं, त्याने उतरायला हवं म्हणून तर आपण… लमुनने माझ्या बरगडीत कोपर मारलं. "अहो, एक्केचाळीस वर्षांत तुम्हाला एक गोष्ट माझ्याआधी कळली असती तर मी नवस फेडला असता. पंखा मुखियाकडे वळवा."

मग मला कळलं. मी पंखा वळवला.

तो दिवस असा बरा गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र प्रयूर झोपडीच्या पायरीशी आली, डोक्याला फडकं बांधून. "मी जरा घरी जाऊन येते. पोरं धक्क्यावर ताटकळली असतील, त्यांना काहीतरी शिजवून घालते. आत्याही येतेय. थोंगयू होडी काढतोय."

लमुनने माझ्याकडे पाहिलं. आता तुम्ही सांगा, काय करायचं होतं? खोटं बोलायचं तर पंचशील मोडतं, तेही पुण्याच्या पलंगावर. खरं बोलायचं तर चाबाची लाज जाते. मी उठून बसलो, पाय दुमडून घेतले, हात जोडले आणि प्रवचनाची सुरुवातीची वंदना गायला लागलो.

प्रयूरचा एक पाय पायरीवर होता. वंदना कानावर पडल्यावर ती जाईल कशी? बसली. आत्या बसली. थोंगयूने होडीचं यंत्र बंद केलं, कारण प्रवचन चालू असताना यंत्र लावणारा पुढल्या जन्मी बेडूक होतो असं त्याला लहानपणी मीच सांगितलं होतं. मी लहानपणापासून या विहारात चटईच्या पहिल्या ओळीत बसत आलोय. थोरल्या भंत्यांची आणि त्यांच्या आधीच्यांची प्रवचनं मला श्वासासकट पाठ आहेत. जातककथेतल्या राणीचा विलाप गायलो, तेव्हा लिंची रडली. जंगलाचं वर्णन गायलो, झाडं एकेक करून. संपत आलं की लमुन हळूच म्हणायची, "त्यात नदी राहिली," आणि मी नदी गायचो. थोडं चुकीचं गायलो असेन. भंत्यांनी क्षमा करावी. ओहोटी लागली, पाणी मागे मागे गेलं आणि तिन्ही होड्या चिखलात बसल्या. तेव्हा मी समारोपाची गाथा म्हटली. माझा आवाज त्यानंतर आठवडाभर नव्हता.

मुखिया या सगळ्यात एकदा उठला, जांभई दिली, आणि कूस बदलली.

चौथ्या दिवशी दुपारी फोन वाजला. लमुनने घेतला.

"मावशी, आता पुरे," चाबा म्हणाली. "वितची पिशवी भरून झालीय."

लिंचीने स्वयंपाकघरात चटणीची बरणी उघडली. मुखिया खाली उतरला.

आम्ही परतलो तेव्हा वित धक्क्यावर पिशवी घेऊन उभा होता. तो आमच्या दोघांच्या पाया पडला आणि मुखियापुढेही हात जोडले. प्रयूर रडायला लागली. "माझ्या लेकरांना एकही दिवस मिळाला नाही गं."

"जाऊ दे आई," चाबा म्हणाली. "आमच्या नशिबात ते बेट नव्हतं."

तिचा चेहरा मी नीट पाहिला. चार दिवस पोटभर जेवलेल्या माणसाचा होता.

लिंचीकडे आता गर्दी असते. ज्या पलंगावर बोका चार दिवस निजला, तो बघायला लोक येतात. एकांत असा तिकडे राहिला नाही.

भंत्यांनी लवंग थुंकली, पाहिलंत? आता सरळ बसा. प्रवचन संपलं की पाण्याची धार धरताना आपण गेलेल्यांची नावं घेतो. मुखिया या पावसाळ्यात गेला, लमुनच्या पायाशी, गादीवरच. बोक्यासाठी धार धरता येते का, मी विचारलं होतं. भंते म्हणाले, पाणी पाय मोजत नाही. तर आज आपल्या माणसांची नावं घेऊन झाली की तळाशी दोन थेंब राहू द्या, आणि त्याची आठवण काढा.