पाच मिनिटांचा डाव आणि एक सावकाश हात

मित्रांनो, मी एक जुना माऊस आहे. मला कुणी उंदीर म्हटलं तरी राग येत नाही, कारण शेपटीसारखी वायर मला आहेच. पण मी जन्मात कधी काही कुरतडलं नाही. आयुष्यभर माणसांच्या हाताखाली राबलो, आणि त्यातल्या दोन हातांची गोष्ट तुम्हाला सांगावीशी वाटते.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पोटाखाली लाल दिवा बसवला गेला, पाठीवर राखाडी कवच चढलं. शेवटी एका बाईनं माझी दोन्ही बटणं कानाजवळ धरून वाजवून पाहिली, मान हलवली आणि मला खोक्यात घातलं. माझी पहिली नोकरी बंदरावरच्या माल-कचेरीत होती. तिथला कारकून दिवसभर पेट्यांची वजनं संगणकात भरायचा. त्यानं मला कधी नीट पाहिलंही नाही. मी मात्र त्यात समाधानी होतो. जो दुखत नाही तो दात कुणाला आठवत नाही, तसंच आमचं असतं.

पुढे कचेरीत बिनवायरीचे माऊस आले आणि आम्हा जुन्यांची रवानगी जिन्याखाली झाली. तिथून मला आणि एका संगणकाला साहेबांच्या परवानगीनं घरी नेलं ते एका क्रेनचालकानं. हा माणूस उंच काचेच्या खोलीत बसून जहाजातून अवजड पेट्या उचलायचा आणि त्या इतक्या हळुवार खाली ठेवायचा, की बंदरावर त्याला 'अलगद' असंच म्हणत. त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशीच ऐकू यायचं. जेवणाच्या सुट्टीत तो कँटीनमध्ये बुद्धिबळ खेळे आणि सहसा हरत नसे.

घरी त्याच्या मुलानं माझ्यावर अभ्यास केला. मुलगा शिकला, जहाजावर इंजिनाच्या कामाला लागला, त्याचं लग्न झालं आणि तो समुद्रावर गेला. मग मी कापडाच्या झाकणाखाली पडून राहिलो. घरात अलगद आणि त्याची सून, दोघंच उरली. तो तोवर निवृत्त झाला होता. सून पहाटे एका बेकरीत कामाला जायची आणि दुपारी परतायची. भट्टीतून पाव काढायचा नेमका क्षण तिला घड्याळ न बघता कळे. दोघंही चांगली माणसं, पण त्यांच्यातलं बोलणं मोजकंच होतं. "बाबा, चहा ठेवलाय." "हं." झाकणाखालून मी रोज एवढंच ऐकायचो.

एके सकाळी दाढी करताना अलगदच्या हातून वस्तरा गळून पडला. तो उचलायला गेला, तर उजवा हात ऐकेना. इस्पितळातून तो पायावर चालत परतला, पण उजवा हात मागेच राहिल्यासारखा झाला होता. ज्या हातानं कितीतरी टनांच्या पेट्या फुलासारख्या टेकवल्या, त्याला आता चमचा पेलेना. 'हं' म्हणणंसुद्धा त्यानं जवळजवळ सोडलं.

हाताचा व्यायाम करून घ्यायला एक ताई घरी येत. त्यांनी विचारलं, "काका, तुम्हाला आवडायचं काय?"

"बुद्धिबळ," सूनच म्हणाली. "पण सोंगट्या पडतात हातातून, म्हणून पट उचलून ठेवलाय त्यांनी."

ताईंनी माझ्यावरचं झाकण उचललं. "यावर खेळा. इथं सोंगट्या पडायच्या नाहीत. मात्र उजव्याच हातानं. डाव्याला काम दिलंत, तर उजवा कायमची रजा टाकेल."

असा मी पुन्हा कामावर रुजू झालो. सुनेनं संगणकावर बुद्धिबळाच्या एका संकेतस्थळावर त्याचं खातं उघडून दिलं. तिथं दूरच्या अनोळखी माणसांशी पाच-पाच मिनिटांचे डाव चालत. मित्रांनो, हा खेळ मोठा निष्ठुर असतो. अख्ख्या डावाला तुम्हाला पाचच मिनिटं मिळतात. ती संपली की तुम्ही कितीही पुढे असा, डाव हरलात.

अलगदच्या डोक्याला खेळी दिसायची. पण तिथून हातापर्यंत निरोप पोचायला वेळ लागे. बोटं माझ्या पाठीवर थरथरत, हत्ती उचलत आणि भलत्याच घरात सोडून देत. तो एकामागून एक डाव हरला, बहुतेक वेळेअभावी. प्रत्येक हरलेल्या डावाबरोबर नावापुढचा गुणांक, म्हणजे खेळाडूची पत दाखवणारा आकडा, घसरत गेला. एका दुपारी त्यानं मला मनगटानं ढकलून दिलं. मी टेबलावरून घसरलो आणि वायरीला लोंबकळत राहिलो. खुर्चीत तो भिंतीकडे बघत बसला होता.

सून नुकतीच कामावरून आली होती. तिनं मला उचलून जागेवर ठेवलं आणि शेजारी स्टूल ओढलं. "बाबा, तुम्ही सांगा, मी हलवते. मला खेळ येत नाही, पण हात चालतो."

तो भिंतीकडून पडद्याकडे वळला आणि म्हणाला, "वजीर दोन घरं पुढे."

"वजीर म्हणजे मुकुटवाला का?"

"तो राजा. त्याला कशाला धाडतेस मरायला?"

तो दिवस नुसता गोंधळाचा होता. तिनं उंटाला सरळ चालवायचा प्रयत्न केला. घोड्याची अडीच घरं तिला काही केल्या समजेनात. "घोडं इथंच अडतंय," ती म्हणाली, तेव्हा अलगदच्या तोंडून हसण्यासारखा आवाज आला. त्या घरात तो आवाज मी फार दिवसांनी ऐकला.

हळूहळू दोघांचं जमत गेलं. ती रोज हात धुऊन बसायची, तरी पिठाचा कण माझ्या फटीत उतरायचाच. ते जिंकू लागले, पण एका टप्प्यावर गाडी अडली. तेव्हा अलगदनं नियम घालून दिला, की हरलेला डाव लगेच पुन्हा पाहायचा आणि चूक कुठं झाली ते बोट ठेवून दाखवायचं. जिंकलेला पाहायची गरज नाही, त्यातून फक्त मान ताठ होते.

सुनेनंही एक गोष्ट दाखवून दिली. "बाबा, तुमचा निम्मा वेळ पहिल्या दहा खेळ्यांतच जातो. भट्टी पेटल्यावर पीठ मळायला बसलं तर कसं व्हायचं? तयारी आधी करून ठेवायची."

त्याला ते पटलं. पांढऱ्या सोंगट्या आल्या तर एकच ठरलेली सुरुवात, काळ्या आल्या तर एकच ठरलेलं उत्तर. सकाळी तो एकटा बसून ती सुरुवात घोकायचा. डावाच्या सुरुवातीचा वेळ वाचू लागला आणि गुणांक चढू लागला. मी दोघांच्या मधे, एकाच्या शब्दावर आणि दुसरीच्या बोटांवर धावायचो. माझ्या आयुष्यातला तो काळ धावपळीचा आणि सुखाचा होता.

मग ती दुपार आली. डाव अटीतटीचा होता. अलगद म्हणाला, "हत्ती मागे..." पण तोवर सुनेचा हात दुसरीकडे गेला होता. घोडा उडी मारून असा बसला, की त्यानं राजाला शह दिला आणि समोरच्या वजिरावरही डोळा ठेवला. समोरच्यानं राजा हलवला, वजीर गमावला आणि डाव सोडला. माझ्या पाठीवर तिचा तळवा घामेजला होता.

"ही खेळी तुला कोणी सांगितली?"

"कोणी नाही. दिसली."

अलगद उठला, खिडकीपाशी गेला आणि परत आला. "आता हे थांबवायला हवं, सूनबाई."

तिचा चेहरा उतरला. "चुकलं का माझं? पुन्हा नाही करणार. तुम्ही सांगाल तेवढंच हलवीन."

"चूक नाही केलीस. मला दिसली नव्हती ती तुला दिसली. पण आजवर डोकं माझं आणि हात तुझा, असा एकच खेळणारा होता. आता डोकी दोन झाली. समोर बिचारा एकटा बसलाय. त्याच्याशी ही लबाडी होईल. तू तुझं खातं उघड."

"आणि तुमचं?"

"माझं मी बघतो. माझ्या हातानं."

"सगळा गुणांक जाईल, बाबा. एवढ्या कष्टानं चढवलाय."

"जाऊ दे. जेवढा माझा असेल तेवढा राहील."

गुणांक खरोखरच गेला. अलगदनं पुन्हा माझ्यावर आपला हात ठेवला, आणि अंकांची घसरगुंडी सुरू झाली. पण या वेळी त्यानं मला ढकललं नाही. तो आता प्रत्येक खेळीला काही जादा सेकंद मिळतात ते डाव निवडायचा. क्रेनमध्ये बसल्यासारखा तो श्वास रोखून सोंगटी उचलायचा, घर नीट बघायचा आणि अलगद सोडायचा. घसरण एका जागी थांबली. मग ती जागा त्यानं सोडली, वरच्या दिशेनं.

सून तिचे डाव फोनवर खेळायची. तो मागे बसायचा आणि तोंडातून शब्द जाऊ नये म्हणून चष्म्याची डबी ओठांवर धरून ठेवायचा. डाव संपला की मगच डबी खाली येई. "उंट मोकळा होता," तो म्हणायचा. "आता कळून काय उपयोग? वरातीमागून घोडं," ती म्हणायची, आणि दोघं मिळून तो डाव पुन्हा लावायची. बेकरीतून थकून आल्यावर ती चिडून खेळायची आणि हरतच जायची. तेव्हा त्यानं तिला आणखी एक नियम घातला, लागोपाठ दोन डाव हरलीस की उठायचं. सुरुवातीला ती ऐकत नसे. ऐकू लागली, तेव्हापासून तिचा खेळ सुधारला, आणि काही महिन्यांत ती त्याच्या पुढे गेली. त्याचा आनंद मला त्याच्या बोटांतून कळायचा.

दरम्यान मी थकलो होतो. माझं डावं बटण अडकू लागलं. मुलगा सुट्टीवर घरी आला, तेव्हा त्यानं बापासाठी बिनवायरीचा चकचकीत माऊस आणला. मित्रांनो, मला वाटलं, आपला जिना पुन्हा आला. अलगदनं नवा माऊस हातात घेतला, थोडा फिरवला आणि बाजूला ठेवला.

"चांगला आहे. पण फार चपळ आहे रे. माझा हात त्याच्यामागे धावत सुटतो. हा जुना माझी वाट बघतो."

मुलानं मग माझे स्क्रू सोडवले. आतून कापसाचा पुंजका निघाला, आणि पिठाचा एक थर. "हे काय, माऊस आहे की पाव?" तो हसला. त्यानं मऊ ब्रशनं मला झाडलं, बटणाखालचा पत्रा किंचित वर उचलला आणि मला पुन्हा बंद केलं. माझं बटण पूर्वीसारखं वाजू लागलं. नवा माऊस मुलाच्या लॅपटॉपसोबत सुनेकडे गेला.

त्याच रविवारी मुलगा म्हणाला, "तुम्ही दोघं एकमेकांशी कधी खेळलात का?"

ती दोघं एकमेकांकडे बघू लागली. नव्हतीच खेळली.

नवऱ्याचा लॅपटॉप घेऊन सून जेवणाच्या टेबलावर बसली, अलगद माझ्याजवळ. मधे पडद्यांच्या पाठी. "जादा सेकंद ठेवू ना, बाबा?" तिनं विचारलं.

"नकोत. आणि दया दाखवलीस तर यापुढे तुझ्याशी खेळणार नाही."

"नाही दाखवणार."

तिनं शब्द पाळला. ती भरभर खेळत होती आणि तिच्या घड्याळात वेळ मुबलक होता. पण अलगदनं मधल्या खेळात तिचा एक उंट कोंडला, मग प्यादं मारलं, मग हत्तीला वाट करून दिली. मुलगा उभा राहून बघत होता. तिचा राजा कोपऱ्यात सापडला. आणखी एक खेळी, आणि मात होती. अलगदच्या घड्याळात मोजके सेकंद उरले होते. बोटांनी हत्ती धरला. मी त्या हातासोबत सरकलो, एक घर, दोन घरं, न थरथरता. तिसऱ्या घराच्या उंबऱ्यावर असतानाच वेळ संपला.

पडद्यावर सुनेचा विजय झळकला. ती उठून इकडे आली आणि त्याचा पडदा पाहिला. मात किती जवळ होती ते तिला दिसलं. "बाबा..." एवढंच ती म्हणाली.

अलगद मात्र स्वतःच्या हाताकडे बघत होता. "अख्ख्या डावात एकही सोंगटी चुकीच्या घरात पडली नाही," तो म्हणाला. "तुम्ही पाहिलंत ना?"

"पाहिलं," मुलगा म्हणाला.

"मग मांड पुन्हा. आता सुरुवात मी करणार."

सून आपल्या जागेवर गेली. दुसरा डाव ती घड्याळाच्या जोरावर नाही, चांगल्या खेळीनं जिंकली. तिसरा तो जिंकला, हातात थोडे सेकंद राखून. त्यानंतर तिनं हात वर केले आणि नवऱ्याला म्हणाली, "तू पोळ्यांचं बघ, आज मी उठत नाही."

मित्रांनो, आता माझं बरंच वय झालं आहे. माझ्या पाठीवरचा रंग जिथं बोटं टेकतात तिथं उडाला आहे, आणि ती जागा मला सगळ्यात प्रिय आहे. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. जुनी वस्तू अडली तर आधी ती उघडून, झाडून बघा. आणि तुमच्या घरात कुणाचा हात सावकाश चालत असेल, तर थोडे दिवस त्याचा हात व्हा. पण एक दिवस आपला हात काढून घ्या, स्टूल जरा मागे सरकवा, आणि त्याला खेळी करायला लागेल तेवढा वेळ गप्प बसून राहा. ते सोपं नाही. पण डाव त्याचा आहे.