डावी बाजू होरेसची, उजवी क्लेमची

मी एक जुनी मोटार आहे, मित्रांनो. पण मला नुसती मोटार म्हणालात तर मी रुसेन. मी पेम्बरी आहे, लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या हौशी माणसांसाठी हाताने घडवलेली. माझ्यासमोर उभे राहून नीट पाहा. माझा उजवा दिवा डाव्यापेक्षा अर्ध्या बोटाने वर आहे. अनोळखी लोक हसतात. हसू द्या. असे का झाले ते मला ठाऊक आहे, आणि तेच आज सांगणार आहे.

आमचे घराणे वुल्व्हरहॅम्प्टनजवळच्या एका छोट्या कारखान्यातले. माझ्या पणज्या मोठ्या भारदस्त होत्या. मागे साहेब आणि पुढे टोपीवाला ड्रायव्हर, असा त्यांचा थाट असे. दुसरे महायुद्ध संपल्यावर कारखान्याच्या मालकांच्या, म्हाताऱ्या पेम्बरीसाहेबांच्या मनात आले, की साहेबाने स्वतःच गाडी हाकावी, शेजारी बायकोला बसवावे, मागे दोन पेट्या टाकाव्यात आणि इंग्लंडच्या धुक्यातून निघून थेट फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याला जावे, तेही कंबर न धरता. त्यातून आमची पहिली पिढी आली. ती दिसायला सुरेख, पण छतातून गळायची. दुसऱ्या पिढीला हलके ॲल्युमिनियमचे अंग आणि चांगले ब्रेक मिळाले. मी तिसरी. माझे आठ सिलिंडरचे इंजिन अमेरिकेहून आले. घरच्यांनी नाके मुरडली, पण चढावर सगळी गप्प झाली.

माझे पत्र्याचे अंग दोन माणसांनी हातोड्याने ठोकून घडवले. डावी बाजू होरेस टिमिन्सने, उजवी क्लेम फेरेडेने. होरेसची बायको डोरीन ही क्लेमची थोरली बहीण, म्हणजे दोघे मेहुणे. एकेकाळी त्यांच्यात इतके सख्य होते, की एकाने शिंकावे आणि दुसऱ्याने रुमाल काढावा. मग कारखान्यात संप झाला. होरेस कामगारांचा पुढारी होता. क्लेम आपले हातोडे आणायला म्हणून मागच्या दाराने आत गेला. तिथे एक अर्धे ठोकलेले मडगार्ड पडले होते. त्याचे हात शिवशिवले आणि तो ते पुरे करूनच बाहेर आला.

संपात काम केले! आमच्याकडे अशा माणसाला 'कॉव्हेंट्रीला पाठवतात'. त्याला कुठे जावे लागत नाही, फक्त त्याच्याशी कोणी बोलत नाही. खरे कॉव्हेंट्री पलीकडेच आहे, तेही मोटारींचेच गाव, आणि तिथली माणसे चांगली बडबडी आहेत. पण म्हण ती म्हण. महिन्याभराने बाकीचे सगळे क्लेमशी बोलू लागले. होरेसने मात्र तोंड उघडले नाही.

मी त्या अबोल्यातच जन्मले. दोघे माझ्या दोन अंगांना उभे राहून ठोकत, आणि मधून निरोप नेण्याचे काम डोरीनकडे. ती शेजारच्या खोलीत माझ्या चामड्याच्या खुर्च्या शिवत असे. दोन्ही बाजू जोडल्या तेव्हा होरेस डोळे बारीक करून म्हणाला, "डोरीन, तुझ्या भावाला सांग, त्याचा दिवा वर बसलाय."

क्लेम हाताच्या अंतरावर उभा होता. "डोरीन, तुझ्या नवऱ्याला सांग, दिवा जागेवर आहे. त्याचीच मान वाकडी आहे."

"मी खुर्च्या शिवते," डोरीन कडाडली. "तुमची तोंडं काही मी शिवली नाहीत, ती तुमची तुम्हीच शिवून घेतलीत! रविवारी माझ्या टेबलावर बसता तेव्हाही तेच. 'तुझ्या भावाला सांग, बटाटे इकडे सरकव.' अरे, बटाट्यांनी काय घोडं मारलंय?"

दोघांपैकी एकही मागे हटेना. शेवटी मुकादमाने बॉनेट त्या उंचसखल मापानेच कापायला लावले. ते माझ्यावर असे चपखल बसले, की वरून पाणी ओतले तरी थेंब आत जाऊ नये. डोरीन मात्र त्या दिवशी खुर्ची शिवताना रडली. तिला एकच भाऊ होता आणि एकच नवरा.

पुढची वर्षे माझ्या सुखाची. माल्व्हर्नचे दंतवैद्य ऑब्री स्टॅनियर यांनी मला घेतले. दर उन्हाळ्यात ते आणि त्यांची पत्नी रोझमंड मला डोव्हर बंदरातून फ्रान्सला जाणाऱ्या बोटीत चढवत. उकडलेली अंडी, थर्मासमध्ये चहा आणि नकाशावरून भांडण, एवढी शिदोरी पुरे. फ्रान्समधल्या पेट्रोलपंपांवर माणसे नळी हातात धरून माझ्याभोवती फिरत. मी त्या वेळी जरा जास्तच चमकत असे, हे कबूल करते.

मग पेट्रोल महागले. आमची चौथी पिढी जाडजूड आणि खादाड निघाली, तिला कोणी विचारीना. कारखान्याला टाळे लागले. स्टॅनियरसाहेबांचे गुडघे दुखू लागले आणि मी एका कोठारात जाऊन बसले. कोंबड्यांनी माझ्या मागच्या खुर्चीवर अंडी घातली. डोरीनच्या शिवणीवर! मला फार वाईट वाटले, पण कोंबड्या उबदार होत्या, हेही खरे.

साहेबांची मुलगी फिलिपा हिने एक दिवस मला बाहेर काढले. मोठ्या हौसेने तिने मला मागे घेतले, घाईत चाक वळवले आणि माझी पुढची उजवी बाजू फाटकाच्या दगडी खांबावर चुरडली. बिचारी माझ्यापेक्षा जास्त रडली. विचारत विचारत ती मला होरेसकडे घेऊन गेली. तो आता निवृत्त झाला होता आणि घरामागच्या शेडमध्ये शेजाऱ्यांच्या झाऱ्या दुरुस्त करत असे.

होरेसने मला पाहिले आणि टोपी काढली. मग त्याने आपल्या डाव्या मडगार्डचे माप घेतले आणि त्याचीच उलटी जोड ठोकून उजवीकडे बसवली. काम देखणे होते. पण बॉनेट काही बसेना. ते क्लेमच्या उंचीला कापलेले होते. होरेसने पुन्हा ठोकले, पुन्हा बिघडले. कागदावर आराखडा कधीच नव्हता. ते वळण होते फक्त क्लेमच्या हातात.

डोरीन चहा घेऊन आली. "जा, विचार त्याला."

"तूच विचार ना. तुझा भाऊ आहे."

"मी नाही जाणार. इतकी वर्षं तुमचे निरोप नेले, आता पाय दुखतात माझे." तिने कप आदळला. "आणि ऐक, शनिवारी क्लेम विमानात बसतोय. कायमचा चाललाय, मुलाकडे कॅनडाला. तू एक शब्द न बोलता त्याला जाऊ दिलंस ना, तर मी तुला माफ करणार नाही. मनापासून सांगते, होरेस."

होरेस चहा न पिताच उठला. त्याने माझे बॉनेट दोरीने बांधले आणि मला हळूहळू चालवत क्लेमच्या गल्लीत नेले. क्लेम दारात खोकी बांधत होता. मला पाहून त्याच्या हातातली सुतळी सुटली. होरेस खाली उतरला. त्याचा हात माझ्या दाराच्या मुठीवरून सुटेना. मला भीती वाटली, की हा आता परत फिरतो.

"हे वळण," होरेस म्हणाला, "कसं केलं होतंस?"

क्लेमने मागे पाहिले. मागे कोणी नव्हते. "कुणाला विचारतोस?"

"तुला. तुलाच विचारतोय, क्लेम."

क्लेमने माझ्या उजव्या बाजूवर, होरेसने ठोकलेल्या नव्या पत्र्यावर, हात फिरवला. संधिवाताने त्याची बोटे वाकली होती. "तिथे हातोडा चालत नाही," तो म्हणाला. "वाळूच्या पिशवीवर ठेवून गुडघ्यानं दाबायचं."

"गुडघ्यानं? हे काय पत्राकाम झालं? हे तर कणीक तिंबणं झालं!"

"म्हणून तर माझी बाजू जिवंत दिसते. तुझी बघ, इस्त्री केल्यासारखी."

त्या आठवड्यात शेडमधून हातोड्याचा आवाज कमी आणि भांडणाचा जास्त येत होता. क्लेम खोक्यावर बसून सांगे आणि होरेस गुडघे टेकून दाबे. एकदा जमेना, तेव्हा क्लेमने आपला वाकडा हात होरेसच्या हातावर ठेवला आणि दोघांनी मिळून ते वळण उतरवले. बॉनेट लागले. टक् असा बारीक आवाज झाला.

शनिवारी फिलिपाच्या परवानगीने मीच क्लेमला विमानतळावर नेले. मागच्या अरुंद खुर्चीत डोरीन अंग चोरून बसली होती. पुढे दोघांनी मापे, संप, मुकादम, बटाटे, सगळे सगळे काढले. शेवटी डोरीन ओरडली, "अरे, गप्प बसा रे दोघं! कान किटले माझे!" आणि एवढे बोलून तिने रुमालात तोंड खुपसले. ती हसत होती की रडत होती, ते आरशात मला नीट दिसले नाही.

मित्रांनो, आता मी फिलिपाकडे मजेत आहे. रविवारी मला फिरवतात, कोंबड्यांना आत मज्जाव आहे. तुमच्याकडे एकच मागणे आहे. तुमच्या गाडीला पोचा आला तर त्याच आठवड्यात काढून घ्या. तो काढायला माणूस मिळतो, फक्त त्याच्या दारापर्यंत जावे लागते.