कॉर्कमध्ये जाहिरात बंद होती

स्लीमा शहरात समुद्राकाठी काचेची इमारत आहे. तिच्या पाचव्या मजल्यावरचं सगळं ऑफिस त्या सकाळी एका पडद्यापुढे गोळा झालं होतं. कुणी नवं खातं उघडलं की कोपऱ्यातली पितळी घंटा वाजवायची, ही झेराफासाहेबांच्या सट्टा कंपनीची रीत. एरवी ती अधूनमधून वाजायची. आज थांबायचं नाव घेईना. वाजवून वाजवून जोझेटचं मनगट दुखायला लागलं.

"बघा!" डोरियन व्हास हात पसरून म्हणाले. "माझी जाहिरात तिघांनी पाहिली, की एक खातं उघडतोच. तुमच्या जुन्या जाहिराती शेकडो लोक पाहतात आणि एखादाच येतो. का? तुम्ही ग्राहकामागे धावता. मी धावत नाही. ग्राहकच माझ्याकडे येतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी शिट्टीही मारली.

जाहिरातीसाठी बाहेरून बोलावलेले हे व्हास कुणी म्हणे लंडनचे, कुणी म्हणे दुबईचे. काळा सदरा, बुटात मोजे नाहीत, बोलताना डोळे अर्धे मिटलेले. 'इच्छेचा क्षण' हा त्यांचा लाडका शब्द. माणसाच्या मनात इच्छा उमलली की ती यांच्या यंत्राला म्हणे ऐकू येते. चांगली शिकलीसवरलेली माणसं माना डोलावत हे ऐकत होती, आणि दोघं तर लिहूनही घेत होते.

मार्थीस मागे खांबाला टेकून उभी होती. कोणत्या देशात, कोणत्या जिल्ह्यात कोणती जाहिरात चालू ठेवायची आणि कोणती बंद, हे तिचं काम. तिने टाळी वाजवली नाही.

"तुझं तोंड का गं असं?" जोझेटने विचारलं. "केवढी खाती उघडतायत!"

"फुटबॉलचा मोसम सुरू होतोय. गेल्या ऑगस्टलाही तुझं मनगट दुखलंच होतं."

"झालं हिचं सुरू!" जोझेट हसली आणि पुन्हा घंटेकडे वळली.

एवढ्यात व्हासांनी आवाज खाली आणला. "जागे ग्राहक कुणीही आणील. मला आता झोपलेले द्या. खातं बंद करून निघून गेलेले. पहिल्या सामन्याच्या शनिवारी त्यांच्या फोनवर जाहिरात पाठवून मी एकेकाला उठवतो."

"सोमवारी ठरवू," झेराफासाहेब खुशीत म्हणाले. "आकडे असेच राहिले तर सगळे झोपलेले तुमचे."

मार्थीस खांबापासून सरळ झाली. तिचा भाऊ साल्वू त्या झोपलेल्यांतला होता. शेजारच्या गोझो बेटावर एकटा राहायचा. सट्ट्यात त्याची मासेमारीची होडी गेली, मग बायको गेली, आणि मग एके दिवशी त्याने आपण होऊन खातं बंद केलं. आईच्या दफनानंतर तो बहिणीला म्हणाला होता, "तुझ्या पगाराचं अन्न माझ्या घशाखाली उतरत नाही." तेव्हापासून बोलणं बंद. रविवारी मार्थीस सवयीने घरभराला पुरेल एवढी मॅकरोनी भट्टीत भाजायची आणि ती एकटीच आठवडाभर गरम करून खायची.

तिने हात वर केला. "मिस्टर व्हास, तुमची जाहिरात आठवडाभर बंद ठेवून पाहिली तर?"

व्हास दुखावल्यासारखे हसले. "बाई, शंका म्हणजे विष. यंत्राची लय तुटली की महिनाभर जुळत नाही."

सगळ्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. कुणीतरी चक् चक् केलं. परीक्षेचं नाव काढलं की बाबा लोकांची शक्ती नेमकी नाजूक होते, हे तिच्या मनात आलं. ती जागेवर गेली आणि आयर्लंडच्या जिल्ह्यांपैकी कॉर्कमध्ये तिने व्हासांची जाहिरात बंद केली. गॉलवेमध्ये चालू ठेवली. तेवढा अधिकार तिच्या कामात होता.

तो आठवडा तिला फार जड गेला. सगळा मजला एका बाजूला आणि आपण दुसऱ्या, यात शौर्यबिर्य काही वाटत नाही. कॉफी प्यायला कुणी हाक मारत नाही, एवढंच कळतं.

सोमवारी तिने दोन्ही जिल्हे पडद्यावर शेजारीशेजारी लावले. खाती दोन्हीकडे सारखीच वाढली होती.

"यात काय विशेष?" झेराफासाहेब म्हणाले.

"कॉर्कमध्ये जाहिरात बंद होती, साहेब."

व्हासांनी डोळे मिटले. "गॉलवेची स्पंदनं कॉर्कपर्यंत पोहोचली."

"आणि ती काय बसने गेली होय?" मागून कोणीतरी म्हणालं, आणि पहिल्यांदाच हशा पिकला.

मार्थीसने आपला फोन पडद्याला जोडला आणि शोधायच्या चौकटीत कंपनीचं नाव लिहिलं. सगळ्यात वर व्हासांची जाहिरात आली. तिच्या लगेच खाली कंपनीचा स्वतःचा, फुकटचा दुवा होता.

"हाच तो इच्छेचा क्षण," ती म्हणाली. "आपलं नाव लिहून जो शोधतो, त्यालाच ही जाहिरात दिसते. तो खातं उघडायलाच निघालेला असतो. गरम पास्तित्सी खायला दुकानापुढे रांगेत उभ्या असलेल्यांना पास्तित्सीच्या जाहिरातीची चिठ्ठी वाटायची, आणि मग म्हणायचं, बघा, माझ्या चिठ्ठीने गिऱ्हाईक आलं! कॉर्कमध्ये चिठ्ठी नव्हती, लोक खालच्या दुव्यावरून आत आले. मिस्टर व्हास खोटं बोललेच नाहीत. ग्राहक खरंच आपणहून येत होता."

व्हासांनी लॅपटॉप मिटला. झेराफासाहेबांचे कान लाल झाले होते.

"म्हणजे झोपलेल्यांवरही हा उपाय चालणार नाही, असंच ना?" त्यांनी विचारलं.

हो म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. तेवढा एक शब्द तिच्या ओठांवर आलाही होता. पण तो खोटा होता, आणि खोट्यावर साहेबांना नाचवायचं तर मग व्हासांनी काय वाईट केलं होतं?

"चालेल, साहेब," ती म्हणाली. "तिथेच खरा चालेल. ही माणसं आपणहून येणार नव्हती. दारू सोडलेल्याच्या उंबऱ्यावर बाटली ठेवली तर तो पिईल, त्याला चमत्कार कशाला लागतो? माझा भाऊ आहे त्यांच्यात. तुम्ही ठरवा."

झेराफासाहेबांनी पडदा बंद केला.

"झोपू देत त्यांना," ते म्हणाले. "चला, कामाला लागा."

त्या दिवशी तिचं कौतुक कुणी केलं नाही. "सगळ्यांना मूर्ख ठरवलंस बघ," जोझेट जाता जाता म्हणाली. मार्थीसला ते लागलं.

चमत्कार दाखवणाऱ्याला प्रत्येकाने एवढंच विचारावं: तू नसतास तर काय झालं असतं? मग एकदा त्याला बाजूला ठेवून स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं. याला यंत्र लागत नाही की मोठी विद्या. सगळे टाळ्या वाजवत असताना आपले हात खाली ठेवता आले पाहिजेत, आणि ते सोपं नाही.

शनिवारी पहिला सामना होता. मार्थीसने साल्वूचा नंबर काढला आणि फोन परत ठेवून दिला. सांगणार काय? तुझ्या फोनवर जे आलं नाही, ते मी अडवलं? जे घडलंच नाही ते कुणाला दिसत नाही. गोझोमध्ये त्याचा फोन संध्याकाळभर गप्प राहील. आजचा दिवस आपण एकट्याने निभावला, असं त्याला वाटेल. मार्थीसला फार एकटं वाटलं, तरी दिवस स्वतःच निभावला असंच त्याला वाटावं अशी तिची इच्छा होती.