फटी बुजवलेली होडी

मी एक जुनी होडी आहे. रायपूरला खारून नदीच्या महादेवघाटावर, पायऱ्यांपासून जरा लांब, बेशरमाच्या झुडपांना लागून मी पालथी पडलेली असते. शेजारही मला शोभेसाच मिळाला आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की माणसांनी आम्हाला कसं टाकून दिलं याचं रडगाणं गातात. माझी तशी काही तक्रार नाही. मला माझीच लाज वाटते. ती का, ते सांगून टाकावं म्हणून आज तोंड उघडलं आहे.

बारा वर्षांपूर्वी बिसाहू केवट नावाच्या कारागिराने मला घडवलं. लाकूड सालाचं, इकडे त्याला सरई म्हणतात. बिसाहू प्रत्येक फळीवर बोटाची पेरं वाजवायचा आणि कान लावून ऐकायचा. आवाज पसंत पडला नाही तर फळी बाजूला. अशा निवडून घेतलेल्या फळ्या त्याने आतल्या बरगड्यांवर खिळ्यांनी ठोकल्या, फटींमध्ये कापूस ठासला, वरून डांबर लावलं. मी काळीकुट्ट झाले, पण थेंबभर पाणी आत येईल तर शपथ.

मला बनवून घेतलं अच्युतरावांनी. त्यांचे आजोबा वर्ध्याकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. अच्युतरावही रेल्वेतच, रुळांच्या देखभालीवर मिस्त्री होते. निवृत्त झाल्यावर समता कॉलनीत राहायला आले. त्यांच्या पत्नीचं, कुसुमताईंचं, भजनी मंडळ होतं. कार्तिकी पौर्णिमेला, म्हणजे इकडच्या पुन्नीला, पहाटे नदीच्या मध्यावर जाऊन द्रोणातले दिवे सोडावेत अशी त्या बायकांची फार इच्छा. त्यासाठी माझा जन्म.

दर वर्षी नवरात्र संपलं आणि पूर ओसरला की बिसाहू माझ्या पोटात दगड भरायचा आणि मला गुडघाभर पाण्यात आठ दिवस बुडवून ठेवायचा. उन्हाळ्यात लाकूड आक्रसतं, फटी रुंदावतात. पाणी प्यायलं की फळ्या फुगून एकमेकींना भिडतात. "डोंगा ल पहिली पानी पियन दे भैया, तहां ले मनखे बइठार," असं तो अच्युतरावांना सांगायचा. होडीला आधी पाणी पिऊ द्यावं, माणसं नंतर बसवावीत.

त्या आठ दिवसांत घाटावरचा जो येईल तो विचारायचा, "काय अच्युतराव, बुडाली काय होडी?" अच्युतराव वरवर हसायचे. पण उभा जन्म दुरुस्तीत गेलेल्या माणसाची वस्तू चारचौघांत पाण्याखाली पडलेली, हे त्यांना लागायचं. खरं सांगू? मलाही लागायचं. शेजारी रंगीत होड्या डुलत असायच्या आणि मी तळाशी, डांबर फासलेली.

गेल्या वर्षी होळीनंतर अच्युतरावांनी छोटा टेम्पो आणला आणि मला समता कॉलनीत घरी नेलं. अंगणात पत्र्याखाली ठेवलं, वर ताडपत्री घातली. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, पण मला थेंबाचा स्पर्श नाही. मी इतकी वाळले की फटीत करंगळी जावी. दिवाळीच्या आसपास अच्युतराव कामाला लागले. मोबाइलवर कुठल्या कुठल्या देशांतली माणसं हंगामापूर्वी आपापल्या होड्या सजवताना ते पाहत आणि तसंच करत. त्या होड्या फायबरच्या होत्या, त्यांना फटीच नव्हत्या, ही गोष्ट काही त्यांच्या ध्यानात आली नाही.

त्यांची मुलगी गंधाली म्हणाली, "बाबा, एक बार बिसाहू भैया को पूछ लो ना."

"तीस वर्षं पाना चालवला मी," अच्युतराव म्हणाले. "आता एका होडीसाठी घाटावर पुसायला जाऊ? काहून?"

त्यांनी माझ्या फटींमधला कापूस आणि डांबर खरवडून काढलं आणि दोन डब्यांतली द्रव्यं एकत्र कालवून केलेला मसाला ठासून भरला. रात्रीतून तो दगडासारखा घट्ट झाला. उन्हात लोखंड वाढतं म्हणून दोन रुळांच्या मध्ये जागा सोडायची, हे ज्यांनी तीस वर्षं केलं, त्यांनी लाकडाला मात्र तसूभर जागा ठेवली नाही. मग घासकाम झालं, निळा रंग लागला, पांढरा पट्टा आला, स्टीलचं रेलिंग बसलं. पंडरीच्या बाजारातून कापड आणून कुसुमताईंनी झालर लावलेलं छत शिवलं. आणि मी? मी अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले. शेजारपाजारचे बघायला यायचे तेव्हा मनात म्हणायचे, गेलं एकदाचं ते डांबर. फटी कशाने भरल्यात याचा विचार मी एकदाही केला नाही.

पुन्नीच्या पाच दिवस आधी मला नदीत उतरवलं. बिसाहू आला. माझा थाट पाहून हसला, मग मला पाण्यात बुडवून ठेवलं होतं का, एवढंच त्याने विचारलं, "पानी म बोरे रेहे का, भैया?"

घाटावर सात-आठ माणसं उभी होती. अच्युतराव म्हणाले, "हव, घर पे भिगाया था. आठ दिन. उसके बाद ही मसाला भरा."

बिसाहूने मान डोलावली. बारा वर्षांच्या ओळखीच्या माणसावर त्याचा विश्वास होता. अंगणात मला पाण्याचा तांब्यासुद्धा लागला नव्हता, हे मला माहीत होतं.

पहिले दोन दिवस सगळे वाहवा करत होते. तिसऱ्या दिवसापासून माझ्या फळ्या पाणी पिऊ लागल्या. त्यांना फुगायचं होतं आणि जागा नव्हती. एक फळी दुसरीला रेटायची, मध्ये तो दगडी मसाला हटायचा नाही. बरगडीतले खिळे केसाकेसाने उपसायला लागले. मी कुरकुरत होते. अच्युतराव म्हणाले, "मसाला नवा आहे न, जागेवर बसून राहिला."

पुन्नीच्या पहाटे नऊ बायका बसल्या. सगळ्यांत मोठ्या शांताबाई, सत्तरीच्या, हातात झांज घेऊन. काठापासून वीस-पंचवीस हात गेलो असू, तोच तळाची फळी खिळ्यांसकट उचकटली आणि पाणी आत घुसलं. नशिबाने पाणी छातीइतकंच होतं. नावाड्यांनी उड्या टाकल्या आणि सगळ्यांना बाहेर काढलं. पण शांताबाई माझ्याच नव्या रेलिंगवर आपटल्या आणि त्यांचं मनगट मोडलं.

काठावर गर्दी जमली. अच्युतराव ओल्या कपड्यांनी उभे होते. कुसुमताईंनी विचारलं, "अहो, असं कसं झालं?"

अच्युतरावांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा गर्दीकडे. "लकडीच खराब दिली न बिसाहूनं," ते म्हणाले. "आतून सडकी निघाली."

बास, एवढंच. मी तेव्हा चिखलात तोंड खुपसून पडले होते. खोटं मला ऐकू आलं होतं आणि मी तशीच पडून राहिले.

मित्रांनो, असा शब्द पायांनी चालत नाही, धावतो. तो घाटावरून केवटपाऱ्यात, नावाड्यांच्या वस्तीत, गेला, तिथून गावोगाव. आरंगकडच्या एका गावातले मच्छीमार बिसाहूकडून मोठी होडी बनवून घेणार होते. त्यांनी निरोप पाठवला, राहू दे. मग दुसऱ्या कुणी विचारलंच नाही. माघात बिसाहू नवा रायपूरला इमारतीच्या सेंट्रिंगच्या कामावर सायकलने जायला लागला. जे हात फळी वाजवून पारखायचे, ते हात आता लोखंडी पत्रे उचलत होते.

पण सुट्टीच्या दिवशी तो माझ्याकडे यायचा. एकेका फळीवर पेरं वाजवायचा, कान लावायचा, डोकं खाजवायचा. सडकी जागा तो शोधत होता. मला वाटलं होतं, तो अच्युतरावांवर चिडला असेल. छे. त्याला त्यांचं म्हणणं खरं वाटलं होतं. माझ्या सगळ्या आयुष्यात त्या टकटकीइतकी लाज मला कशाचीच वाटली नाही.

फाल्गुनात एका रविवारी अच्युतराव आणि कुसुमताई माझं रेलिंग सोडवून न्यायला आले. बिसाहू तिथेच होता. त्याने माझी एक फळी मोकळी केली होती. त्यांना पाहताच तो उठला आणि त्याने हात जोडले.

"भैया, गलती मोर आय," तो म्हणाला. "लकडी चीन्हे म चूक होगे. तोर मसाला तो बने हे, देख, एको जघा नइ टूटे हे. मोरेच लकडी दगा दिस. शांता दाई के हाथ मोर कारन टूटिस. मैं तोला दूसर डोंगा बना के दुहूं." लाकूड ओळखण्यात आपणच चुकलो, मसाला चांगला आहे, तो तर कुठेच तुटला नाही, आता दुसरी होडी बनवून देतो, असं तो सांगत होता.

अच्युतरावांच्या हातातला पाना तसाच राहिला. कुसुमताईंना काही उलगडेना. "मसाला काहून तुटंल?" त्या म्हणाल्या. "अन् लकडी तर चांगली दिसून राहिली."

"भिगाये के बाद तो लकडी ल फूलना नइ चाही, दीदी," बिसाहू म्हणाला. "आठ दिन भिगोये रिहिस भैया ह." आधी भिजलेलं लाकूड पुन्हा फुगलं, तर दोष लाकडाचाच, असा त्याचा हिशोब होता.

कुसुमताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, भिजवली कवा होती?"

अच्युतरावांनी पाना खाली ठेवला. मग माझ्या मोकळ्या फळीकडे बघत म्हणाले, "नहीं भिगाया था, बिसाहू. एक दिन भी नहीं. मैं झूठ बोला. तुझसे भी, सबसे भी."

बिसाहू रागावेल, शिव्या घालेल, फळी फेकेल असं मला वाटलं. त्याने फक्त विचारलं, "त लकडी बने हे?"

"बने हे," अच्युतराव म्हणाले. "लकडी एकदम अच्छी है."

बिसाहू पाठ करून बसला आणि त्याने गमछा डोळ्यांना लावला.

"इथं आमच्यासमोर बोलून काय होते?" कुसुमताई म्हणाल्या. "जिथं जिथं बोलले, तिथं जा आता."

अच्युतराव गेले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. शांताबाईंच्या घरी गेले, भजनी मंडळात बायकांपुढे उभे राहिले, घाटावरच्या चहाच्या ठेल्यावर बोलले. आरंगकडच्या त्या गावीही गेले. तिथल्या लोकांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग नदीकडे बोट दाखवलं. दुसऱ्या कारागिराने बनवलेली होडी पाण्यात उतरूनही महिना झाला होता. घाटावर परत येऊन अच्युतरावांनी हे बिसाहूला सांगितलं. तो "हव" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी सायकलने कामावर गेला. माझी फळी अजून मोकळीच आहे.

मित्रांनो, तुम्ही तुमच्या सायकली, बाकं, पंखे नीट राखाल, हंगामाच्या आधी तेलपाणी कराल. ठाऊक नसेल ते ठाऊक असणाऱ्याला विचारा. विचारल्याने कुणी लहान होत नाही. आणि एवढं करूनही काही बिघडलंच, तर अंगावरचे कपडे ओले आहेत तोवरच खरं बोलून टाका. अच्युतरावांना चार महिने लागले. तेवढ्यात एका माणसाचा आपल्याच हातांवरचा विश्वास उडाला. मी तर त्याहून उशिरा बोलते आहे. लाकूड चांगलं होतं, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.