पिवळ्या नाडीचा बेडूक

मी एक जुना रबरी बेडूक आहे. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही तळ्याच्या, चिखलाच्या आणि उड्यांच्या गोष्टीची वाट बघत बसाल. मी आयुष्यात एकही उडी मारलेली नाही. दोनदा फेकला गेलो आहे, पण त्याला उडी म्हणत नाहीत.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे आम्हाला साच्यातून काढत आणि गार व्हायला फळीवर मांडत. डोळे रंगवायला एक मावशी बसायची. माझा उजवा डोळा रंगवताना तिला शिंक आली. त्यामुळे तो डोळा कपाळाकडे सरकला आणि मी कायम काहीतरी आठवायचा प्रयत्न करत असल्यासारखा दिसतो. शेवटी पोटात शिट्टी बसवत. ती सगळ्यांना एकाच मापाची. हत्ती असो, वाघ असो की बेडूक, पोट दाबले की ‘पीं!’ वाघाने याबद्दल तक्रार केली असती. पण करणार कशी? तोंड उघडले की पींच.

तिथून मी दुकानात आलो आणि दुकानातून मला शिवणकाकूंनी आणले. या काकू एका चार मजली इमारतीत वरच्या मजल्यावर राहत आणि घरीच कपडे शिवत. इमारतीतल्या यच्चयावत मुलांचे गणवेश त्यांच्याच मशीनखालून गेलेले. मापाची टेप सदा गळ्यात. कधी कधी त्या तशाच बाजारात जात आणि भाजीवाल्याला वाटे, बाई दुधी मोजून घेणार.

त्यांच्या मुलीचा आठवा वाढदिवस होता. पाहुणे म्हणजे इमारतीतली सगळी पोरे, रांगणाऱ्यापासून मिसरूड फुटणाऱ्यापर्यंत. जाताना प्रत्येकाच्या हातात काहीतरी द्यायचे, तर सगळ्यांना एकच कसे चालणार? मिसरूडवाल्याला खुळखुळा दिला तर तो जन्मात पुन्हा येणार नाही. काकूंनी उरलेल्या गणवेशाच्या कापडाच्या छोट्या पिशव्या शिवल्या. लहानांच्या पिशवीला पिवळी नाडी, आत एक रबरी प्राणी. मोठ्यांच्या पिशवीला लाल नाडी, आत बोटाएवढा टॉर्च. आणि मोठ्यांसाठी बेतही ठरला होता. केक खाऊन अंधार पडला की ज्यांच्याकडे टॉर्च, त्यांनी गच्चीवर जाऊन लपाछपी खेळायची. आठवडाभर जिन्यात दुसरा विषय नव्हता.

“पण लहान कोण आणि मोठं कोण, हे ठरवणार कसं?” काकांनी विचारले. काका बस चालवत. “सगळ्यांची वयं विचारलीस का?”

“वयं कशाला विचारायची? मापं आहेत ना माझ्याकडे,” काकू म्हणाल्या. “दाराच्या कडीपर्यंत डोकं पोचलं की लाल, नाही पोचलं की पिवळी.”

“अगं, आमच्या बसमध्येसुद्धा अर्ध्या तिकिटासाठी दाराशी रेघ मारलेली आहे. रोज भांडणं होतात त्या रेघेवरून.”

“तुमच्या बसमध्ये भांडणं होतात, कारण तिथे मी नाही.”

काकांनी फुगा फुगवायला घेतला. तोंडात फुगा असला की नवऱ्याला उत्तर द्यावे लागत नाही.

आता मित्रांनो, त्या इमारतीत दोन मुले अशी होती की ज्यांच्याबद्दल कडीला काहीच माहीत नव्हते. एक होता ताड्या. वय सहा, पण वाढला होता ताडमाड. कुठेही रडू आले की कोणीतरी म्हणणारच, “एवढा मोठा घोडा झालास आणि रडतोस?” दुसरी चिमटी. लहानपणी खूप आजारी होती, त्यात वाढ खुंटली. चिमटीत मावेल म्हणून नाव चिमटी. वय मात्र पूर्ण तेरा. दुकानदार तिला गोळी देऊन “आईला पाठव हं” म्हणत. आदल्या वर्षीही तिला पोराटोरांबरोबर सतरंजीवर बसवून टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. म्हणून या वाढदिवसाला ती केस वर बांधून, ताठ चालत आली होती. तिला केक नको होता, फुगे नको होते. तिला फक्त एकदा मोठ्यांत खेळायचे होते.

केक झाला. काकू दारात उभ्या राहिल्या आणि पिशव्या वाटू लागल्या. ताड्याचे डोके कडीच्या वर गेले. लाल नाडी.

“माझा प्राणी कुठाय?” तो म्हणाला.

“अरे, एवढा मोठा घोडा झालास...” कोणाची तरी आत्या म्हणाली. पुढचे वाक्य त्याला पाठ होते.

मग चिमटी. काकूंनी तिचा गाल ओढला आणि पिवळ्या नाडीची पिशवी तिच्या हातात दिली. त्या पिशवीत मी होतो.

तिने नाडी सोडली. ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे बघत राहिलो, एका डोळ्याने तरी. तेवढ्यात त्या मिसरूडवाल्याने वाकून माझे पोट दाबले. पीं! सगळी मोठी मुले खदाखदा हसली. मला आजवर माझ्या आवाजाची लाज वाटली नव्हती. त्या दिवशी वाटली.

“थँक्यू काकू,” चिमटी म्हणाली. तिला शिस्त होती. मग तिने मला मुठीत इतके घट्ट आवळले की शिट्टीलाही हवा मिळेना.

मोठी मुले धडधडत गच्चीवर गेली. त्यांच्याबरोबर ताड्यालाही ढकलले. खाली सतरंजीवर वाघ, हत्ती, माकड, सगळे एका सुरात पीं-पीं करू लागले. चिमटी ना खाली थांबली, ना वर गेली. गच्चीच्या दाराआधी जी शेवटची पायरी असते, तिथे ती बसली. माझ्या डोक्यावर दोन-तीन थेंब पडले. बेडूक असूनही मला पाण्याचा तेवढाच अनुभव.

थोड्या वेळाने दारातून कुजबुज ऐकू आली. ताड्या सापडत नव्हता. खेळ संपला, चल ये बाहेर, अशा हाका मारून झाल्या होत्या. मिसरूडवाला कठड्यावरून खाली वाकून बघत होता, आणि ते बघून बाकीच्यांची बोबडी वळली होती.

“घरात सांगायचं नाही हां,” मिसरूडवाला म्हणत होता. “मार बसेल सगळ्यांना.”

चिमटी उठली. “आधी तू कठड्यापासून मागे हो,” ती म्हणाली. “आणि खाली जाऊन काकूंना बोलाव. पळ.”

तो तिच्या दुप्पट होता. पण पळाला. का पळालो, हे त्याला पायऱ्या उतरून झाल्यावर कळले असावे.

गच्चीच्या कोपऱ्यात पाण्याची मोठी टाकी होती. टाकी आणि भिंत यांच्यामध्ये काळोखाची एक फट होती. चिमटी त्या फटीशी गेली, तिने टॉर्च मागितला नाही, हाकही मारली नाही. जमिनीवर मांडी घालून बसली आणि तिने माझे पोट दाबले.

पीं.

काही नाही. पुन्हा पीं. आतून नाक ओढल्याचा आवाज आला.

“तो कोणता प्राणी आहे?” ताड्याचा आवाज.

“बेडूक.”

“बेडूक असा ओरडत नाही.”

“ह्याला कुणी सांगितलंच नाही. तुझा टॉर्च कुठाय?”

“पडला. अंधार आहे इथे.” मग जरा थांबून, “मी रडत नाहीये. मोठे रडत नाहीत.”

“कुणी सांगितलं? मी तेरा वर्षांची आहे. आत्ता जिन्यात बसून रडले.”

हा हिशोब त्याला नवा होता.

“तेरा? एवढुशी?”

“आणि तू सहा ना? एवढा लांबडा?”

फटीतून आधी एक हसू आले, मग एक हुंदका, मग जाळ्याजळमटांसकट ताड्या. आला तो सरळ तिच्या मांडीत घुसला. मांडी पुरेना, तेव्हा अर्धा बाहेर उरला. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो मनसोक्त रडला. अगदी सहा वर्षांचे मूल रडते तसे.

काकू धापा टाकत दारात उभ्या होत्या. किती ऐकले कोण जाणे, पण पुरेसे ऐकले असावे. त्यांनी गळ्यातली टेप काढली, तिची गुंडाळी केली आणि कमरेला खोचली. मी त्या इमारतीत असेपर्यंत टेप गळ्यातून उतरलेली ती एकच वेळ.

त्या आमच्यासमोर फरशीवरच बसल्या. “तेरा पूर्ण?” त्यांनी विचारले.

“पूर्ण.”

“अगं बाई! आणि मी तुझ्या फ्रॉकला दर वर्षी ससे लावते!”

“हो,” चिमटी म्हणाली. “खिशावर पण.”

“मग बोलली का नाहीस, बाई?”

“तुम्ही विचारलंच नाही.”

मागे उभ्या असलेल्या काकांनी शहाणपणा केला आणि टाकीमागून टॉर्च काढून दिला. काकूंनी तो चिमटीपुढे धरला. चिमटीने मला ताड्याच्या हातात ठेवले.

“आता उशीर झाला, घरी चला,” कोणाची तरी आत्या म्हणाली.

“एक डाव होऊ दे,” काकू म्हणाल्या. “सगळे. ही पण.”

तो डाव मी ताड्याच्या मुठीतून, काकांच्या खांद्यावरून पाहिला. चिमटी लपली ती कोणाला सापडलीच नाही. मोठी मुले टॉर्च मारमारून दमली. शेवटी ती रिकाम्या बादलीखालून बाहेर आली तेव्हा मिसरूडवाल्याने टाळ्या वाजवल्या, आणि त्या सतरंजीवरच्या टाळ्या नव्हत्या.

पुढची बरीच वर्षे मी ताड्याकडे काढली. पहिली दोन सुखाची, उशीखाली. मग पलंगाखालच्या खोक्यात, एका चाकाची गाडी आणि वाळलेले रंग यांच्या सोबतीने. कधीतरी माझ्या पोटातली शिट्टी आत पडली. साफसफाईत त्याच्या आईने मला दोनदा फेकले आणि ताड्याने दोनदा कचऱ्यातून उचलून आणले. मित्रांनो, टाकून दिल्याचे दुःख मोठे असते, पण कोणी शोधत आले तर ते फार दिवस टिकत नाही.

शिवणकाकू मुलांच्या पिशव्या शिवतच राहिल्या. फक्त नाड्या सगळ्यांना एका रंगाच्या. दारात उकिडव्या बसत आणि विचारत, “बोला साहेब, काय देऊ?” एकदा एका मोठ्या मुलाने वाघ मागून नेला. काकूंनी नाडी नीट बांधून दिली.

आता मी एका बसमध्ये, पुढच्या काचेपाशी बसतो. ही बस चिमटी चालवते. सीट पार पुढे ओढून आणि पाठीशी उशी घेऊन. काकांनीच तिला शिकवले. नोकरीच्या पहिल्या दिवशी ताड्या वाकून दारातून आत आला, त्याने मला काचेपाशी ठेवले आणि म्हणाला, “ताई, अंधार पडला की ह्याला दाब.” मी आता नुसतीच हवा सोडतो, हे तो सोयीस्करपणे विसरला होता.

आमच्या बसमध्ये तिकीटही चालकच देतो. दाराशी उंचीची रेघ अजून आहे. परवा एक बाई चढल्या, मागे एक लांबच लांब मुलगा. बाईंनी आल्या आल्या सुरुवात केली, “खरंच लहान आहे हो, दिसतो मोठा, पण...” मुलाने मान खाली घातली होती. ते वाक्य त्याला पाठ असावे.

चिमटीने रेघेकडे बघितलेसुद्धा नाही. ती मुलाकडे वळली. “किती वर्षांचा रे तू?”

“साडेपाच.”

“अर्धं तिकीट,” चिमटी म्हणाली, आणि तिने मला उचलून त्याच्यापुढे धरले. त्याने माझे पोट दाबले.

फुस्स.

तो पोट धरून हसला. इतका हसला की त्या हसण्यावरून कोणीही सांगितले असते, साडेपाचच. एक दिवसही जास्त नाही.

मित्रांनो, हसण्यावरून वय बरोबर कळते. पण तेवढा वेळ नसेल, तर निदान विचारत जा.