समुद्र न ओलांडलेली वाघीण

जपानमधल्या हाकोदातेच्या बंदरात, धक्क्याच्या टोकाला, चाकांपर्यंत गवतात बुडालेली मालगाडीची सपाट वाघीण दिसते ना, ती मी. मित्रांनो, माझ्यावर कधी माल चढला नाही. धक्का आणि जहाज जोडणाऱ्या पुलाला इंजिनाचे वजन पेलत नसे. म्हणून इंजिन मागेच थांबे आणि मध्ये आम्हा रिकाम्या वाघिणींना जोडून, भरलेल्या वाघिणी जहाजाच्या पोटात ढकलल्या जात. तिथून आम्ही मागे फिरायचो.

माझ्या पायरीवर इंजिनाला इशारा देणारा बावटा घेऊन सासामोरी तोकुजी उभा राही. त्याचा धाकटा भाऊ एइकिची जहाजावर होता. आत आलेल्या वाघिणी तो साखळ्यांनी जखडायचा.

एका ऑक्टोबरात सकाळपासून वादळ चढत होते. वाघिणी आत गेल्या आणि एइकिची माझ्यापाशी आला.

"दादा, साखळ्या अजून घातल्या नाहीत. सगळ्या परत ओढून घे. माल उतरला की जहाज आज निघत नाही. मागचं तोंड उघडं आहे, पाणी थेट आत शिरेल."

"हुकूम आण, ओढतो. का बायकोनं घरी बोलावलंय?"

"तुलाही बोलावलंय. माकूळ शिजवतेय."

मी अजून त्या वाघिणींना जोडलेली होते. एकदा बावटा हलला असता तरी पुरे होते. तोकुजीने खाली उतरून माझी जोडणी सोडवली.

जहाज बंदराच्या तोंडाशीच उलटले. एइकिचीचे प्रेत पाचव्या दिवशी किनाऱ्याला लागले.

पुढे समुद्राखालून रेल्वेचा बोगदा काढण्याची बोलणी सुरू झाली. धक्क्यावरच्या माणसांच्या पोटावर पाय येणार होता, म्हणून मुकादम मोमोईने विरोधाचा अर्ज फिरवला. तोकुजी माझ्यावर बसून भाताचा गोळा खात होता. सगळ्यांनी सही केली, तूही कर, असे मोमोईने सांगितले.

"एकदा दुसऱ्याच्या हुकमासाठी थांबलो. आता दुसऱ्याच्या सांगण्यावरून सही नाही करायचो."

"मग बोगद्यातच जाऊन राहा."

त्यानंतर निवृत्तीपर्यंत तोकुजीशेजारी कुणी डबा उघडला नाही.

बोगदा झाला तेव्हा तो हयात नव्हता. जहाजे थांबली. शेवटच्या फेरीला बँड वाजला, भाषणे झाली, आणि मला इथून हलवायचे राहून गेले.

मित्रांनो, मला रंग द्या, छप्पर घाला, असे मी म्हणणार नाही. तुमच्यापैकी कुणी तरी उद्या अशाच एखाद्या पायरीवर उभे असेल. पाण्याजवळचा माणूस ओढ म्हणाला, तर ओढा. मला हात नव्हते. तोकुजीला होते.