बायच्या चहाचा दिवा

आमची बाय, म्हणजे माझी थोरली बहीण गिरजाबाई, रोह्याला एकटी राहायची. भावोजी काळुराम धाटावच्या कंपनीत होते, ते वारले. त्यांनी शिफ्टा करून बांधलेलं दोन खोल्यांचं घर तेवढं मागे राहिलं. मुलगा मिथुन मस्कतला नोकरीला. तो तिथून फोन करी, आणि हिला तर मेलीला ऐकूच येत नाय! "हॅलो, जेवलास काय?" एवढं विचारायची नि त्याचं काही न ऐकता खुशाल फोन ठेवून द्यायची.

मग तो मला पेणला फोन लावायचा. "मावशी, आई घरात पडली तर कोणाला कळणार गो? गणपतीला येतो, घराला कुलूप लावतो नि तिला तुझ्याकडे आणून ठेवतो." मला काय, बरंच झालं असतं. बहीण जवळ आली असती. पण बायला सांगितलं तर म्हणते कशी, "कुलूप लावायचं तर आधी मला आत ठेवा, मग लावा." तोंड हाय की काय!

माझ्या प्रणितने रामवाडीच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. साल नव्व्याण्णव. इंटरनेट कशाशी खातात ते अर्ध्या पेणला ठाऊक नव्हतं. लोक मूर्तीच्या कारखान्याचा पत्ता विचारायला यायचे नि मशीन बघत उभे राहायचे. तो म्हणाला, "आई, मावशीला हलवायचं नाय. ती उठली की आपल्याला आपोआप कळेल असं काहीतरी मी बनवतो." मिथुन फोनवर म्हणाला, "बनव. गणपतीपर्यंत नीट चाललं तर आई तिथं राहील. एकदा जरी चुकलं तरी कुलूप."

प्रणितने एक डबा बनवला. तो बायच्या टेलिफोनच्या तारेला जोडला. सकाळी बटण दाबलं की डबा आमच्या कॉम्प्युटरला फोन लावणार, कॉम्प्युटर माझ्या ओट्यावरचा दिवा लावणार नि इंटरनेटवरून मिथुनला मेल धाडणार. बायने बटणाकडे बघितलं. "रोज उठून हजेरी लावू? मी काय कंपनीत कामाला हाय?" नि दाबलंच नाय.

मला असा राग आला! पोरगं जेवण टाकून राबतंय, नि हिची आपली मिजास. पण प्रणित हसला. म्हणाला, "मावशीचं बरोबर हाय. वस्तू अशी पाहिजे, की तिची आठवणसुद्धा ठेवायला लागू नये." बाय रोज आंघोळ करून देवपूजेला बसायची, तेव्हा देव्हाऱ्यातला बारका लाल बल्ब लावायची. प्रणितने त्याच बल्बच्या बटणाला डबा जोडला. आता तिने देवाचा दिवा लावला की माझ्या ओट्यावर दिवा लागायचा. मी चहा गाळता गाळता हात जोडायचे, देवाला की बहिणीला ते मला ठाऊक नाय. मिथुनपण खूष होता.

आणि एके दिवशी सकाळी दिवा लागला नाय. चहा झाला, नाष्टा झाला, तरी नाय. फोन लावला तर नुसती रिंग. प्रणितने मिथुनला कळवलं नि आम्ही दोघं मिळेल ती एस्टी पकडून निघालो. नागोठण्याला ड्रायव्हर चहाला उतरला, तेव्हा त्याला खिडकीतून काय काय बोलले ते आता सांगत नाय.

रोह्याला पोचलो तर बाय पडवीत बसून मोड आलेले वाल सोलतेय! आम्हाला बघून म्हणते, "गो सीते, आज कुठे वाट चुकलीस?"

मी रडले, मग भांडले. "दिवा का नाय लावलास गो?"

"अगो, सुतक हाय मला. चणेऱ्याचा चुलत दीर गेला काल. दहा दिवस देवाला हात लावू काय?"

प्रणितने तारा, बटणं, फोन, सगळ्याचा विचार केला होता. सुतकाचा केलाच नव्हता. आणि मला, एवढ्या बायामाणसांत वावरणारीला, तरी सुचायला नको होतं?

तेवढ्यात मिथुनचा फोन आला, तो मी घेतला. आई बरी हाय हे त्याने दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "मावशी, आता पुरे झाला खेळ. गणपतीला येतो नि कुलूप लावतो." बायला मी काही सांगितलं नाय. पण माझ्या तोंडावरून तिला कळलं. ती उठून आमच्यासाठी चहा ठेवायला गेली.

चहा-पावडरीचा डबा तिने फळीवरून उचलला, आणि प्रणित ओरडला, "आई, चहा! मावशी सुतकात चहा सोडते काय?"

"चहा नि सोडेल?" मी म्हटलं. "अगदी देव आला तरी आधी चहा घेईल."

प्रणितने त्या डब्याखाली बटण बसवलं. डबा उचलला की दिवा. मिथुन कुलपावर अडूनच होता. तरी प्रणितने जिद्दीने ते चालू ठेवलं. बाय म्हणाली, "माझा चहा त्याला कळतो. त्याचा मला कोण सांगणार?" मग तिच्या शेगडीवरही एक दिवा आला. मिथुनने मस्कतला ऑफिसात बसून मेलला उत्तर दिलं की आमचा कॉम्प्युटर तिच्या डब्याला फोन लावायचा नि तो लागायचा. आईची समजूत म्हणून तो रोज उत्तर द्यायचा. शुक्रवारी त्याची सुट्टी असते, म्हणून त्या दिवशी दिवा लागत नाय, हेही बायला पाठ झालं.

गणपती तोंडावर आले. आमच्या आळीत गाड्यांत मूर्ती भरायची घाई. त्या गर्दीतून बाय पिशवी घेऊन आली, एकटी. भावोजी गेल्यापासून ती आपणहून कधी पेणला आली नव्हती.

"शनिवारी नाय लागला, रविवारी नाय, आजपण नाय. मिथुनला बघा."

"अगो, रजेवर यायचंय त्याला, कामात असेल," मी म्हटलं.

ती तशीच पायरीवर बसली. "माझा दिवा नाय लागला तर तुम्ही धावत आलात. त्याचा नाय लागला तर तो कामात?"

मी प्रणितला हाक मारली. प्रणितने मस्कतच्या ऑफिसला फोन लावला. तिथले समजत होते, मिथुन रजेवर लवकर गेला. बायने प्रणितचा हात धरून ठेवला होता, म्हणून त्यानेही जोर केला: त्याच्या खोलीवर कोणीतरी जाऊन बघा. त्यांनी माणूस पाठवला. खोलीवरचे सोबती गावी गेले होते नि मिथुन तापाने फणफणून एकटा पडला होता, पाणीसुद्धा उठून घ्यायची ताकद नव्हती. आणखी उशीर झाला असता तर हाताला लागला नसता, असं तिथल्या डॉक्टरने सांगितलं.

गणपतीला तो आला नाय. दवाखान्यातून त्याचा फोन आला तेव्हा बाय माझ्याकडेच होती. तिला ऐकू येणार नाय म्हणून मी कानाला लावला. तो हळूहळू बोलत होता नि माझे डोळे भरून येत होते.

"काय म्हणतो?" बायने मला हलवलं.

मी तिच्या कानाशी ओरडले, "म्हणतो, घराला कुलूप नाय लावायचं! तू रोह्यालाच राहा!"

"ते कोणी विचारलं?" बाय म्हणाली. "चहा घेतला काय, ते विचार त्याला."

मी विचारलं. पलीकडे तो रडायलाच लागला. आणि बाय माझ्या तोंडाकडे बघत राहिली, उत्तर काय आलं ते कळायला.